कावीळ एक, विषाणू पाच : वर्गीकरण आपण कसं शिकवतो?



आज एका प्रश्नापासून सुरुवात करूया. शिष्यवृत्तीची तयारी करून घेताना असे प्रश्न आपण सगळेच काढतो.

गटात न बसणारे पद ओळखा : (१) डेंग्यू (२) चिकुनगुनिया (३) मलेरिया (४) कावीळ

तुमचं उत्तर काय? माझ्या उत्तरसूचीत 'कावीळ' होतं. बाकीचे तिन्ही आजार डासांमुळे पसरतात, कावीळ नाही. सोपं आहे! पण पाचवीतल्या एका मुलाने 'मलेरिया'ला गोल केला. मी लाल पेनने फुली मारली आणि पुढच्या पेपरकडे वळले. मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन आला. "मॅडम, मलेरियाच वेगळा आहे ना? डेंग्यू, चिकुनगुनिया, कावीळ विषाणूमुळे होतात. मलेरिया विषाणूमुळे नाही होत. दादाच्या पुस्तकात आहे."

खरं सांगते, क्षणभर मला काही सुचलंच नाही. त्याचं बरोबर होतं. मलेरिया प्लाझमोडियम नावाच्या परजीवीमुळे होतो, विषाणूमुळे नाही. आणि माझंही चूक नव्हतं. 'कशामुळे पसरतो' असं विचारलं तर कावीळ वेगळी. 'कशामुळे होतो' असं विचारलं तर मलेरिया वेगळा. चूक एकच होती, मी प्रश्नच अर्धा विचारला होता. गट पाडायला सांगितले, पण कशासाठी पाडायचे ते सांगितलं नाही.

मी त्याला गुण दिला आणि विषय तिथेच संपला असं मला वाटलं. तो संपला नव्हता. त्याच वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आजचा लेख खरं तर तिच्याबद्दल आहे.

माझी चूक

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईला दिवस गेले होते. तपासणीत रक्ताचा रिपोर्ट आला : हिपॅटायटिस बी. ही गोष्ट घरातच राहायला हवी होती, पण गावात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी पाच-सहा पालक शाळेत हजर. "मॅडम, तिच्या घरात कावीळ आहे. पोरांचं काय? तिचं ताट वेगळं ठेवा. पाण्याचा ग्लास वेगळा ठेवा. जरा बाजूला बसवा."

मी काय केलं? वाद घातला नाही. मनात म्हटलं, कावीळ पाण्यातून, अन्नातून पसरते हे तर आपणच शिकवतो. काळजी घेतलेली बरी. तिला दाराजवळच्या रांगेत एकटीला बसवलं. पोषण आहाराच्या वेळी तिचं ताट वेगळं ठेवायला स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं. असं चार दिवस चाललं. ती मुलगी काही बोलली नाही. फक्त जेवण झाल्यावर आपलं ताट दोनदा घासायला लागली.

पाचव्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टर लसीकरणाच्या यादीसाठी आल्या. त्यांनी हे बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे कोणी सांगितलं तुम्हाला? ही ती कावीळ नाही. ही सोबत जेवून, सोबत बसून होत नाही. ही रक्तातून जाते."

ही ती कावीळ नाही! मी डी.एड. झालेली, बारा वर्षं परिसर अभ्यास शिकवणारी बाई. 'कावीळ – दूषित पाण्यामुळे होणारा आजार' ही जोडी मी किती मुलांकडून पाठ करून घेतली असेल! आणि त्याच जोडीने मला एका लेकराला वर्गाच्या कडेला बसवायला लावलं.

यातली सगळ्यात कडू गोष्ट पुढेच आहे. सिस्टरांनी विचारलं, "शाळेची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ज्या काविळीची आम्हाला भीती होती, ती यायचीच असती तर त्या टाकीतून आली असती. मुलीला आम्ही दूर केलं आणि टाकीचं पाणी मजेत पीत राहिलो.

मग कावीळ म्हणजे नक्की काय?

त्यानंतर मी वाचायला लागले. मला जे समजलं ते तुम्हाला साध्या शब्दांत सांगते.

कावीळ हे मुळात एका आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते शरीराबाहेर टाकायचं काम करतं. यकृताला सूज आली, किंवा पित्ताचा मार्ग खड्याने अडला, की ते साठतं आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसते. दारूमुळे, काही औषधांमुळेही यकृत बिघडतं. म्हणजे प्रत्येक कावीळ विषाणूमुळे होते असंही नाही.

पण विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज, म्हणजे हिपॅटायटिस, हे मोठं कारण आहे. त्यासाठी प्रामुख्याने पाच विषाणूंची नावं घेतली जातात : ए, बी, सी, डी, ई. नावं अशी की पाच सख्खे भाऊच वाटावेत. प्रत्यक्षात ते एकमेकांचे कोणीच नाहीत! 'ए' हा पोलिओच्या विषाणूच्या कुळातला. 'सी'चं नातं डेंग्यूच्या विषाणूशी. 'बी'चं कूळ वेगळं, 'ई'चं वेगळं, आणि 'डी' तर सगळ्यांपेक्षाच निराळा. तो 'बी' असल्याशिवाय पसरू शकत नाही, कारण त्याला बाहेरचं वेष्टन 'बी'कडून उसनं घ्यावं लागतं.

मग त्यांना एका माळेत कोणी ओवलं? डॉक्टरांनी. त्यांचा प्रश्न होता, 'कोणता अवयव आजारी पडतो?' उत्तर आलं यकृत, म्हणून नाव एक. तो प्रश्नही बरोबर आणि तो गटही बरोबर. फक्त त्या गटाकडून 'शेजारी बसून होतो का?' या प्रश्नाचं उत्तर मागायचं नसतं. मी नेमकं तेच मागितलं.

शास्त्रज्ञ विषाणूंचे गट कसे पाडतात?

आठवीच्या पुस्तकात व्हिटाकरची १९६९ सालची पंचसृष्टी पद्धत येते : मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. या पाचही सृष्टींत विषाणूंना घर नाही. विषाणूला स्वतःची पेशीच नसते. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली एक सूचनांची चिठ्ठी, एवढाच त्याचा संसार. ती चिठ्ठी कधी डीएनएची, कधी आरएनएची. दुसऱ्याच्या पेशीत शिरला तरच त्याची संख्या वाढते.

मग गट कसे पाडायचे? १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न धरला. पेशीला प्रथिनं बनवायला एकाच प्रकारची आज्ञा कळते, तिला एमआरएनए म्हणतात. बाल्टिमोरने विचारलं, 'हा विषाणू आपल्या चिठ्ठीपासून ही आज्ञा कोणत्या वाटेने तयार करतो?' या एका प्रश्नावर त्याने विषाणूंचे सहा गट पाडले. पुढे सातवा गट जोडावा लागला. का माहितीये? काही विषाणूंची वाट त्या सहांत बसेना. त्यांची चिठ्ठी डीएनएची, पण तिची नक्कल करताना ते मध्येच आरएनए बनवतात आणि त्यावरून पुन्हा डीएनए लिहितात. आपला हिपॅटायटिस बी त्या सातव्या गटात बसतो.

याशिवाय विषाणूंची कुळं, प्रजाती आणि त्यांची नावं ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय समिती १९६६ पासून काम करते. नवीन विषाणू सापडतात, जुन्यांची नाती नव्याने कळतात, तशी ती आपली यादी पुन्हा पुन्हा दुरुस्त करते. म्हणजे जगातली सगळ्यात जाणकार माणसंसुद्धा यादी पाठ करून बसत नाहीत. ती यादी खोडतात आणि परत लिहितात. आपण मात्र मुलांना यादीच देतो, तीही शाईने लिहिलेली.

'इतर'चा रकाना

या वाचनात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दिल्लीची आहे.

१९५५ च्या डिसेंबरमध्ये आणि १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या ज्या पाण्यावर शहर जगत होतं, त्यात सांडपाणी मिसळलं होतं. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आली म्हणजे 'ए'च, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं. पण त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने जपून ठेवलेले होते. पुढे 'ए' आणि 'बी' ओळखायच्या चाचण्या निघाल्या, तेव्हा ते नमुने पुन्हा तपासले. 'ए'ची साथ नव्हती, 'बी'चीही नव्हती. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

मग त्या विषाणूचं नाव काय ठेवलं? शास्त्रज्ञ सरळ म्हणाले, 'ए नाही, बी नाही'. जगभरातल्या संशोधनात अनेक वर्षं हेच नाव चाललं! कोणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले. तोच आजचा हिपॅटायटिस ई. दिल्लीची ती साथही याच 'ई'ची होती, हे नंतर स्पष्ट झालं. रक्तातून जाणारा 'सी'सुद्धा याच 'ए नाही, बी नाही'च्या डब्यातून १९८९ मध्ये बाहेर आला. त्या शोधासाठी २०२० चं नोबेल दिलं गेलं.

आता आपल्या वर्गात या. वर्गीकरणाचा तक्ता काढताना आपण दोन रकाने आखतो : सजीव-निर्जीव, शाकाहारी-मांसाहारी. मुलाला एखादी गोष्ट कुठेच बसत नाही असं वाटलं तर ती ठेवायला जागा आहे का? नाही. त्याने मोकळी सोडली तर गुण जातो. 'मला अजून माहीत नाही' हे विज्ञानातलं फार मोलाचं उत्तर आहे आणि आपण त्याला शून्य देतो. माझं स्पष्ट मत आहे : प्रत्येक वर्गीकरणाच्या तक्त्यात 'अजून ठरलं नाही' असा एक रकाना असलाच पाहिजे.

वर्गात करून बघा

लहान वर्गात मी हळदीपासून सुरुवात करते. "हळद घरात कुठे असते?" एक म्हणतं मसाल्याच्या डब्यात. दुसरं म्हणतं देवापुढे, कुंकवाच्या शेजारी. तिसरं म्हणतं, लागलं की आजी लावते, म्हणजे औषधात. मग विचारायचं, "हळद एकच, मग तीन ठिकाणी कशी?" मुलंच सांगतात, "मॅडम, जसं काम तशी जागा!" झालं, वर्गीकरणाचा अर्धा धडा झाला.

पाचवी ते सातवीत पाच चिठ्ठ्या करा : ए, बी, सी, डी, ई. प्रत्येकीवर त्या विषाणूची थोडी माहिती लिहा. मग एकेक प्रश्न विचारा आणि प्रत्येक वेळी नव्याने ढीग करायला सांगा.

१. शरीरात शिरतो कसा? – दूषित पाणी-अन्नातून : ए, ई. रक्तातून : बी, सी, डी.

२. चिठ्ठी कशाची? – डीएनएची : बी एकटा. आरएनएची : बाकी चारही.

३. वर्षानुवर्षं शरीरात दडून राहू शकतो का? – हो : बी, सी, डी. बहुधा नाही : ए, ई.

४. आपल्या सरकारी लसीकरणात बाळाला कोणाची लस मिळते? – बीची. आणि बी अडला की डीही अडतो.

प्रश्न बदलला की ढीग बदलतात. विषाणू तेच, चिठ्ठ्या त्याच. मुलं अक्षरशः वाद घालतात आणि तो वाद ऐकण्यासारखा असतो.

पालकांसाठी दोन शब्द

हे सगळं परीक्षेपुरतं नाही, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते.

आपल्याकडे कावीळ झाली की माळ घालतात, गावठी औषध देतात, आणि "अमक्याच्या माळेने उतरली" असं सांगणारे घरोघरी भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. 'ए' आणि 'ई'ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते, श्रेय माळेला जातं. पण 'बी' आणि 'सी' आतमध्ये गुपचूप राहतात. डोळ्यांचा पिवळेपणा जातो, विषाणू जात नाही, आणि वर्षांनी यकृत निकामी झाल्यावर कळतं. गरोदर बाईला 'ई' झाला तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून माळ घालण्याआधी रक्त तपासा आणि 'कोणती कावीळ?' हे विचारा. हाच वर्गीकरणाचा प्रश्न आहे.

'बी' जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जाऊ शकतो. तेव्हा लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसांत हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असतं. म्हणूनच बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत 'बी'ची पहिली लस देतात आणि पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून ती पुन्हा मिळते. ती चुकवू नका. 'सी'वर लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन, 'बी'चा शोध लावणाऱ्या बारूच ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस.

आणि एक हात जोडून विनंती. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसासोबत जेवल्याने, बसल्याने, खेळल्याने, गळ्यात पडल्याने तो होत नाही. वस्तरा, ब्लेड, सुई, दात घासायचा ब्रश मात्र कोणीच कोणाचा वापरू नये. घरात आजार असलेल्या लेकराला दूर बसवू नका, आणि शिक्षकांनाही तसं करायला सांगू नका.

"पण मॅडम, एवढं जड मुलांना झेपेल?"

शिक्षण परिषदेत मी हे बोलले तेव्हा काही सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला. रास्त आहे. अभ्यासक्रम संपवायचा आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, वेळ कुठून आणायचा?

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना बाल्टिमोरचे सात गट शिकवू नका. मी पण शिकवत नाही. नावं पाठ करून घ्यायची तर तेही पाठांतरच झालं. फक्त 'गट पाडा' या सूचनेपुढे एक शब्द वाढवा : 'कशासाठी?' आणि मुलाचं उत्तर आपल्या सूचीशी जुळलं नाही तर फुली मारायच्या आधी एकदा विचारा, 'का?' याला तास लागत नाही, अर्धं मिनिट लागतं. परीक्षेत उत्तर एकच लागतं हे मान्य. पण दोन्ही कारणं माहीत असलेलं मूल परीक्षेत काय अपेक्षित आहे तेही ओळखतं. उलटं होत नाही.

वर्गीकरण म्हणजे कोणाला कोणाजवळ ठेवायचं आणि कोणाला दूर, याचा निर्णय. कागदावर तो आजारांचा असतो. गावात तो माणसांचा होतो. कारण न विचारता गट पाडायची सवय आपणच लावली तर मोठी झालेली मुलं पाच-सहा जणं मिळून शाळेत येतील आणि एखाद्या लेकराचं ताट वेगळं ठेवायला सांगतील. आणि माझ्यासारखी एखादी बाई ते ऐकेल.

त्या मुलीला मी पाचव्या दिवशीच पहिल्या जागी बसवलं. वर्गासमोर सांगितलं की माझं चुकलं, मला नीट माहिती नव्हती. पालकांना बोलावून सिस्टरांनी समजावलं. शनिवारी टाकी रिकामी करून घासली. तळाशी काय निघालं ते इथे लिहीत नाही, पण तुमच्या शाळेची टाकी या आठवड्यात नक्की उघडून बघा. जेवताना त्या दिवशी मी तिच्या शेजारी ताट घेऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि आपलं ताट थोडं सरकवून घेतलं, माझ्यापासून लांब. ती सवय मोडायला पुढे बरेच दिवस लागले. चार दिवसांत लागलेली सवय!

चिठ्ठ्यांचा उपक्रम आपल्या वर्गात करून बघा. मुलांनी तुमच्या उत्तरसूचीत नसलेलं एखादं बरोबर उत्तर दिलं तर ते मला जरूर कळवा. मी अशा उत्तरांची वही केली आहे. पहिल्या पानावर 'मलेरिया' लिहिलंय.